पूल लागला की समजायचं

सिडनीतल्या टॅक्सीवाल्यांपासून सावध कसं राहायचं, याचे नियम आमच्या मराठी मंडळींत मीच घालून दिले होते. गणपतीला, बारशाला, कुणी नवं घर घेतलं म्हणून अशी पंधरा-वीस माणसं एकत्र आली की त्यात कुणाचे ना कुणाचे आईवडील भारतातून यायचे असायचेच. मग घ्यायला एअरपोर्टवर जायचं कोणी, त्या दिवशी शिफ्ट पडली तर काय, टॅक्सीवाल्यानं म्हाताऱ्या माणसांना शहरभर फिरवून लुबाडलं तर, अशी चर्चा सुरू व्हायची. मी सिव्हिल इंजिनिअर, इथे आल्यावर रस्त्यांच्याच कामावर होतो. त्यामुळे सगळे माझ्याकडे वळायचे. "रस्त्यांचं त्याला विचारा."

मी सांगायचो. रांगेतली टॅक्सीच घ्या, आत येऊन बॅगेला हात घालणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नका. बसल्या बसल्या मीटर बघा. आपण सगळे पश्चिमेला राहतो, तिकडे जाताना पूल ओलांडावा लागत नाही. तेव्हा पूल लागला की समजायचं, हा लांबून नेतोय. आणि मध्येच कुठे थांबला तर गाडीतून उतरायचं नाही, सामान घेऊन पसार होईल. बायका हे सगळं पाठ करून घेत आणि ट्रंक कॉलवर आपापल्या आईवडिलांना ऐकवत. माझे नियम पुण्या-मुंबईला पोचले होते.

मी इतक्या खात्रीनं सांगत होतो याचं कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मी स्वतः टॅक्सी चालवत होतो.

ब्याऐंशीच्या सुमाराला इथे मंदी आली आणि आमच्या कंपनीनं माणसं रिट्रेंच केली, म्हणजे कामावरून काढली. हा शब्द मी तोवर फक्त ऐकला होता. शुक्रवारी साहेबांनी खोलीत बोलावलं, हात हातात घेतला, "सॉरी मेट" म्हणाले आणि टेबलाच्या खणातल्या वस्तू न्यायला खोकं दिलं. पुढे मी अर्ज किती केले ते सांगण्यात अर्थ नाही. कुठे अनुभव कमी पडत होता, कुठे जास्त होत होता. घराचा हप्ता, मुलीची शाळा. बायको युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत अर्धा वेळ जात होती, तिच्या पगारावर चूल पेटत होती एवढंच. शेवटी मी टॅक्सीचं लायसन्स काढलं आणि एका ग्रीक मालकाची गाडी दिवसपाळीनं चालवायला घेतली. दिवसपाळी म्हणायचं आपलं, सुरू पहाटे तीनला व्हायची.

बायकोची एकच अट होती. गाडी घरासमोर आणायची नाही. मी ती स्टेशनजवळच्या मैदानाकडेला लावायचो आणि चालत घरी यायचो. लोकांना सांगायला तिनंच शब्द शोधून काढला होता: कन्सल्टिंग. "हे सध्या स्वतःचं कन्सल्टिंग करतात." हा शब्द तिनं पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिलो. पुढे पुढे तो तिच्या तोंडात इतका रुळला की मला कधी कधी वाटायचं, आपण खरंच कुठेतरी कन्सल्टिंग करत असू आणि ही टॅक्सी दुसराच कुणी चालवत असेल.

आता हसू येतं, पण तेव्हा हे फार गंभीर होतं. आम्ही ज्यांच्यात उठत-बसत होतो ते सगळे डॉक्टर, इंजिनिअर, प्रोफेसर. एकेकाची गावाकडची ख्याती आकाशाला टेकलेली. तिथे माझ्या सासरेबुवांनीही चारचौघांत "जावई ऑस्ट्रेलियात इंजिनिअर" असं सांगून ठेवलेलं. एकाला कळलं की दुपारपर्यंत सगळ्यांना कळणार आणि पत्र पोचायच्या आत पुण्यात. मला स्वतःला लाज कमी वाटत होती आणि थकवा जास्त. लाज वाटायलाही अंगात थोडा जोर लागतो. पण बायकोला वाटत होती, आणि तिची लाज सांभाळणं हे माझं दुसरं काम झालं होतं.

लोक मला ओळखत नसत हे एक बरं होतं. माझे डोळे घारे, रंग उजळ, त्यात मिशा आणि टोपी. गिऱ्हाइकांना मी ग्रीक वाटायचो, नाहीतर लेबनीज. एकानं तर मला तुर्की समजून अर्धा तास राजकारणावर झाडलं होतं. मी "या मेट, या मेट" म्हणत गाडी चालवत होतो.

त्या दिवशी सकाळी मी एअरपोर्टच्या रांगेत होतो. पाठीत नेहमीची कळ, थर्मासमधला चहा संपलेला. माझा नंबर आला आणि समोर एक वयस्क जोडपं उभं. काकांनी सूट घातलेला, वर मफलर. काकूंच्या नऊवारी नव्हे पण चांगल्या जाड सिल्कच्या साडीवर कुणाचा तरी मोठा कोट. हातगाडीवर दोन सुटकेसा, सुतळीनं बांधलेल्या. सुतळीच्या गाठी बघूनच मी ओळखलं, आपलीच माणसं.

मी सामान डिकीत ठेवलं. इथले पुरुष एकटे असले की ड्रायव्हरच्या शेजारी पुढे बसतात, दोघं असली तरी एक जण पुढे येतो. काका काकूंसह मागे बसले आणि एक पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरली. मग शाळेत कविता म्हणावी तसा त्यांनी पाठ केलेला पत्ता म्हटला. घर नंबर, गल्ली, उपनगर गिरावीन.

माझा हात मीटरवरच थांबला. तो पत्ता माझ्या मित्राचा होता. त्या घरात आम्ही महिन्यातून दोनदा तरी जेवत होतो. मित्र डॉक्टर, त्याचे सासू-सासरे येणार आहेत हे मला माहीत होतं. त्यांना भेटायला म्हणून शनिवारी आम्हाला जेवायला बोलावलेलंही होतं. पण ते आदल्या दिवशी यायचे होते. विमान सिंगापूरला अडकलं असणार, आणि आज मित्राची हॉस्पिटलात शिफ्ट असणार, आणि त्याची बायको गाडी चालवत नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. "नमस्कार काका" म्हटलं असतं की काम झालं असतं. पण पहिल्या मिनिटाला बोललो नाही, आणि दुसऱ्या मिनिटाला काका म्हणाले, "ग्रीक दिसतोय."

"कशावरून?" काकूंनी विचारलं.

"डोळे बघ की. घारा. घाऱ्या माणसाचा भरवसा नसतो."

आता कसं बोलणार?

परदेशात आपली माणसं हमखास ही चूक करतात. मराठी म्हणजे घरातली खोली, दार लावलं की आतलं बाहेर ऐकू जात नाही, असं सगळ्यांना वाटतं. मीही दुकानातून असंच बोललेलो आहे, विकणाऱ्याच्या तोंडावर त्याच्या मालाला नावं ठेवत. आज त्या दाराच्या बाहेर बसायची पाळी माझी होती.

"मीटर चालू केला का बघा," काकू म्हणाल्या.

"केलाय. पळतोय कसला! आपल्या रुपयांत केलं तर इतक्यात पुण्याहून लोणावळ्याला जाऊन आलो असतो."

गाडी एअरपोर्टच्या बाहेर काढतोय तोच टॅक्सी कंपनीच्या बेसवरून रेडिओवर सांगितलं, पॅरामाटा रोडवर ॲशफिल्डपाशी ट्रक आडवा झालाय, दोन्ही बाजू बंद. नेहमीचा रस्ता तोच. मग मी दक्षिणेकडून जायचं ठरवलं, बेक्स्ली, किंग्सग्रोव्ह, बँक्सटाउन असं करत. अंतर थोडं वाढतं, पण गाडी चालती राहते. मी वळलो आणि नदीवरचा पूल लागला. सिडनीचा तो सुप्रसिद्ध पूल नव्हे, त्याच्या नखाचीही सर नाही. एक साधा पूल. पण पूल तो पूल.

मागून काकांचा आवाज, घोगरा झालेला. "पूल लागला."

"अगबाई."

"जावयांनी सांगितलं होतं ना? पूल लागला की समजायचं. हा नेतोय आपल्याला लांबून."

मी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. "रोड क्लोज्ड, सर. ॲक्सिडेंट." माझं इंग्रजी तोवर टॅक्सीतलं झालं होतं, नाकातून बोलायचं. काकांनी "येस येस, ओके" म्हटलं आणि काकूंना म्हणाले, "सगळे असंच सांगतात म्हणे. रस्ता बंद आहे. आपले रिक्षावाले परवडले. त्यांच्याशी निदान भांडता तरी येतं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. एवढंच वाटलं की घरी जाऊन झोपावं. दिवसभर लोकांना नेतो-आणतो, कुणाला पाच पैशाला फसवत नाही, आणि माझे स्वतःचेच नियम माझ्या मागे बसून मला चोर म्हणताहेत. मी रेडिओचा आवाज कमी केला आणि गाडी चालवत राहिलो.

बेक्स्लीच्या पुढे काकू हळूच म्हणाल्या, "अहो, मला जायचंय."

"कुठे?"

"अहो... जाऊन यायचंय."

काकांना उलगडायला वेळ लागला. "विमानतळावर का नाही गेलीस?"

"तुम्हीच म्हणालात, सामानापाशी थांब, हलू नकोस. आणि सकाळी ती गोळी घेतली ना, ब्लडप्रेशरची. त्यानं होतं असं."

"थोडी कळ काढ. आलंच असेल आता."

आलं नव्हतं. अजून निम्माही रस्ता झाला नव्हता, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. मी आरशात बघितलं. काकूंनी डोळे मिटले होते आणि दाराच्या वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. मी वाट बघत होतो की काका मला सांगतील. नुसतं "स्टॉप" म्हणाले असते तरी पुरे होतं. पण ज्याला आपण चोर ठरवला त्याला ही गोष्ट कशी सांगायची, आणि तीही बायकोच्या बाबतीतली? ते खिडकीबाहेर बघत बसले. काकू मध्येच "राम राम" म्हणत होत्या, अगदी खाली आवाजात.

माझी आई गेली त्याच्या आदल्या वर्षी. मी जाऊ शकलो नव्हतो, तिकिटाला पैसे नव्हते. काकूंचं ते "राम राम" ऐकवेना.

पुढे पेट्रोल पंप दिसला तसा मी गाडी आत घेतली. तरीही मी अजून शहाणपणाच करत होतो. मागे न बघता म्हणालो, "जस्ट चेकिंग द ऑइल. टॉयलेट राउंड द बॅक, इफ यू नीड." माझ्या मते हे फार छान जमलं होतं. कुणाची अब्रू जायला नको, माझं बिंग फुटायला नको. खाली उतरून बॉनेट उघडलं, आत पंपवाल्याकडे जाऊन टॉयलेटची किल्ली आणली. इथे ती किल्ली लाकडाच्या मोठ्या ठोकळ्याला बांधलेली असते, कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून. ती खिडकीतून काकूंच्या पुढे धरली.

काकूंचा हात निघाला. काकांनी तो धरला.

"उतरू नकोस. तेल तपासतो म्हणे! अगं, हीच युक्ती. जावयांनी दोनदा सांगितलंय, मध्ये थांबला तर उतरायचं नाही. आपण उतरलो की हा सामानासकट पसार."

"मी एकटीच जाते. तुम्ही बसा गाडीत."

"म्हणजे तुला इथे सोडून मला घेऊन जाईल तो! मग मी कुठे शोधू तुला?"

काकूंनी हात मागे घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता. सत्तरीच्या जवळ आलेली बाई, मुलीला भेटायला सात समुद्र ओलांडून आलेली, आणि तिला मुलीच्या दारात लेकरासारखं ओल्या कपड्यांनी उतरावं लागणार होतं. माझ्या नियमामुळे.

मी बॉनेट आपटून बंद केलं, गाडीची किल्ली काढली आणि मागचं दार उघडून ती काकांच्या हातात दिली.

"काका, ही गाडीची किल्ली धरा. आता गाडी कुठे जात नाही. काकू, तुम्ही जाऊन या. मागच्या बाजूला डावीकडचं दार, स्वच्छ आहे."

काकूंनी आश्चर्य वाटून घ्यायलाही वेळ दवडला नाही. ठोकळा घेतला आणि साडीच्या निऱ्या उचलून जवळजवळ धावत गेल्या.

काका मुठीत किल्ली धरून बसले होते. मी दाराशी उभा. मग ते म्हणाले, "आपण... मराठी?"

"पुण्याचा."

"पुण्यात कुठे?"

मी पेठ सांगितली. त्यांनी मान हलवली, जणू यावरून बरंच काही सिद्ध झालं. "मग मघापासून बोलला का नाहीत?"

मी टोपी सारखी केली. ते पुढे म्हणाले, "शिक्षण?" मी सिव्हिल इंजिनिअर म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट वर बघितलं, टोपीकडे, मग मीटरकडे. "जावयांना ओळखता?"

"ओळखतो. शनिवारी आम्ही तुमच्याकडेच जेवायला येणार आहोत."

"आणि त्यांना हे..."

"नाही. कुणालाच नाही."

काकू तोंड धुऊन, पदरानं पुसत परत आल्या. चेहरा पार बदलला होता. "देवासारखा भेटलास रे बाबा," असं म्हणून त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. मग काकांनी त्यांना सगळं सांगितलं, मी तिथे नाहीच अशा थाटात, माझ्यासमोरच. काकूंनी ऐकून घेतलं. त्यांना दोन क्षणही लागले नाहीत.

"मग काय झालं? आम्ही काही बघितलं नाही. ड्रायव्हर ग्रीक होता. घारा." काकांकडे वळून म्हणाल्या, "कळलं ना हो? ग्रीक होता." मग मला, "बायकोला माहीत आहे ना तुझ्या?"

"आहे."

"मग झालं तर."

पुढच्या रस्त्यात काकू एकट्याच बोलत होत्या. मुलगी, नातू, विमानात मिळालेला बेचव भात, कस्टमवाल्यानं काढून घेतलेलं लोणचं. घर आल्यावर मी टोपी खाली ओढली, सामान फुटपाथवर ठेवलं. काकांनी मीटरप्रमाणे पैसे दिले, सुट्ट्यासाठी हात पुढे केला आणि मोजून खिशात टाकले. मला ते बरं वाटलं. कीव केली नाही त्यांनी. दार उघडायच्या आत मी गल्लीच्या टोकाला होतो.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "शनिवारी ताप आला म्हणून कळवू या."

"ते सांगणार नाहीत गं. काकूंनी शब्द दिलाय."

"बोलायचं नाही म्हटलं की माणसं हमखास बोलतात." रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, "मला दमायला होतं हो." मी म्हटलं, मलाही. पण शनिवारी ती उठली, श्रीखंड केलं, मोत्यांचं कानातलं घातलं. मी पहाटेची पाळी करून आलो होतो. तसाच आंघोळ करून कपडे बदलले आणि निघालो.

मित्राच्या घरी आम्ही दोघं आणि ते चौघं. मुलं टीव्हीसमोर, जेवायला हाक मारली की "इन अ मिनिट, मम." ओळख करून दिली तेव्हा काकांनी हात जोडून "नमस्कार" म्हटलं, अगदी पहिल्यांदा भेटल्यासारखं. काकूंनी माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या बायकोला मात्र त्यांनी जवळ बसवून घेतलं आणि तिच्या हातावर हात ठेवला. मी सुटलो असं मला वाटलं.

पानं वाढली, पहिला भात झाला, आणि मित्राची बायको म्हणाली, "तुम्हाला सांगायचं राहिलंच! आईबाबांना असला भामटा टॅक्सीवाला भेटला!"

"ग्रीक होता म्हणे," मित्र म्हणाला. "मी बिल विचारलं तर काय! मेट, दे गॉट रिप्ड ऑफ. मी खोदून विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, पूल लागला. अरे, गिरावीनला येताना पूल? तूच सांग. तूच तर नियम केलेत आपले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुरीकडे बघितलं.

"मध्ये थांबलाही होता," मित्राची बायको म्हणाली. "पेट्रोल पंपावर. मीटर चालू ठेवून! आईला काय वाटलं असेल?"

"चांगला होता हो तो," काकू खाली बघत म्हणाल्या. "भला माणूस होता."

"आई, तुम्ही फार भोळ्या आहात," मित्र हसला. "हे ग्रीक लोक असेच. बाबा, गाडीचा नंबर बघितला होतात का? मी कम्प्लेंट करतो. असल्या माणसाचं लायसन्सच जायला पाहिजे."

"नाही बघितला," काका म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

माझी परिस्थिती मला स्पष्ट दिसत होती. गप्प बसलो तर इंजिनिअर राहतो आणि चोर ठरतो. बोललो तर चोर नाही, पण टॅक्सीवाला. शिवाय तो बिचारा ग्रीक, माझा मालक, जो दर आठवड्याला हिशेब चोख ठेवून वर मला घरची अंडी द्यायचा, त्याच्या सगळ्या जातीला माझ्यामुळे शिव्या बसत होत्या. मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही असावं. पण बायकोच्या वतीनं मी वर्षभर गप्प बसलो होतो, ते असं एका पंगतीत मोडायचा मला हक्क आहे का, हे ठरेना. मित्र पुढे म्हणाला, "म्हातारी माणसं बघून लांबून नेतात, साले चोर," आणि त्यानं माझ्या पानात पुरी वाढायला म्हणून भांडं माझ्या बायकोकडे सरकवलं.

तिनं भांडं खाली ठेवलं.

"तो चोर नव्हता," ती म्हणाली. आवाज तिचा वाटला नाही मला. "त्या दिवशी पॅरामाटा रोड बंद होता. ट्रक आडवा झाला होता. म्हणून पुलावरून जावं लागलं. पंपावर थांबला तो काकूंसाठी थांबला."

मित्र हसतच होता. "तुला गं काय माहीत?"

"गाडी हे चालवत होते."

आतल्या खोलीत टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं, तेवढाच आवाज. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. ती मात्र थांबली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मित्राकडे बघून बोलत होती, एकेक शब्द तोडून.

"वर्ष झालं, हे टॅक्सी चालवतात. पहाटे अडीचला उठतात. मीच सांगू दिलं नाही कुणाला. तुला काय कम्प्लेंट करायची ती कर, नंबर मी देते. पण माझा नवरा कुणाला लांबून नेत नाही."

मित्रानं माझ्याकडे बघितलं. काकांनी पाण्याचा तांब्या उचलून उगाच सगळ्यांच्या भरलेल्या पेल्यांत पाणी ओतायला सुरुवात केली. काकूंनी माझ्या बायकोच्या पाठीवरून हात फिरवला. मग बायकोनं पदरानं डोळे पुसले, भांड्यातली पुरी काढून माझ्या पानात वाढली आणि मला म्हणाली, "खा. पहाटेपासून पोटात काही नाही तुमच्या."

मी पुरी मोडली आणि सगळ्यांच्या देखत जेवायला लागलो. फार भूक लागली होती.